दहाबचं ब्लू होल: ‘नाही’ म्हणणाऱ्या डाइव्ह सेंटरला साडेचार तारे

अर्धा तारा बुटांचा कापलाय, हे आधीच सांगून टाकते. भाड्याने दिलेला निओप्रीनचा उजवा बूट टाचेशी फाटलेला होता. इजिप्तमधल्या दहाबला बोटीवरून टुणकन उडी मारायची सोय फारशी नाही. पाठीवर टँक, कमरेला शिशाचा पट्टा, आणि तशा थाटात किनाऱ्यावरच्या खडकांवरून चालत पाण्यात शिरायचं. अशा वेळी फाटक्या टाचेतून एकेक खडा आत येतो आणि पाच दिवस तुमच्याबरोबर राहतो. उरलेले साडेचार तारे ज्यासाठी दिलेत ते मात्र त्यांच्या दरपत्रकात कुठेच छापलेलं नाही.

माझी ओळख एवढ्यासाठीच देते की वाचणाऱ्याला माझं मत कुठल्या मापाने मोजायचं ते कळावं. वय ५१. मूळ गाव रत्नागिरीजवळ, आता ठाणे. २६ वर्षं विमा कंपनीत क्लेमच्या टेबलावर काढली. लोक म्हणतात ‘अहो, अचानक झालं’, आणि मग कागद चाळून ते किती अचानक होतं ते बघायचं, हे माझं काम. पोहायला घरच्या विहिरीत शिकले, पाठीला पत्र्याचा डबा बांधून. स्कूबा शिकले तारकर्लीला, एमटीडीसीच्या संस्थेत, तेही ४६ व्या वर्षी, मुलीची बारावी संपल्यावर. पुढे अ‍ॅडव्हान्स्ड कोर्स केला, म्हणजे ३० मीटरपर्यंत जायची परवानगी. सगळ्या मिळून ३८ डाइव्ह. यात फुशारकी मारण्यासारखं काही नाही आणि अगदीच नवखी म्हणावं असंही नाही. अपघात करणारी माणसं बहुतेक याच टप्प्यावर असतात.

सोबत भाचा. २७ वर्षांचा, पुण्यात आयटीत. त्याच्या ५२ डाइव्ह, त्यामुळे घरातला सीनियर तो.

जागा कुठे आहे ते थोडक्यात सांगते. इजिप्तच्या सिनाई द्वीपकल्पात, अकाबाच्या आखाताला लागून दहाब नावाचं गाव आहे. अरबीत दहाब म्हणजे सोनं. शर्म एल शेखच्या विमानतळावर उतरून उघड्याबोडक्या डोंगरांतून साधारण ९० किलोमीटर गाडीने यायचं, वाटेत पोलीस चौक्यांवर पासपोर्ट दाखवत. पलीकडच्या किनाऱ्यावर सौदीचे डोंगर दिसतात, संध्याकाळी ते गुलाबी होतात. गावाच्या उत्तरेला आठ-दहा किलोमीटरवर रस्ता संपतो आणि तिथे प्रवाळाच्या कट्ट्याला एक गोल भोक पडलेलं आहे, किनाऱ्याला अगदी चिकटून. ते ब्लू होल. खोली जवळजवळ १०० मीटर. गुडघाभर पाण्यात उभं राहिलं की चार पावलांवर फिकट हिरव्याचा एकदम शाईसारखा निळा होतो. मला पहिल्यांदा आठवली ती आमची विहीर. फरक इतकाच, की आमच्या विहिरीला बाबांनी कठडा बांधला होता.

या विहिरीच्या समुद्राकडच्या भिंतीत, साधारण ५५ मीटर खोलीवर एक कमान आहे. तिच्यातून एक बोगदा बाहेर उघड्या समुद्रात निघतो, लांबी २६ मीटर. जगभरचे डायव्हर ती कमान बघायला येतात, आणि त्यातले काही परत गेले नाहीत.

भाच्याला ती कमान हवी होती. पहिल्याच संध्याकाळी समुद्रकाठच्या फरसबंदीवरून फिरताना एका डाइव्हिंगच्या दुकानात शिरून त्याने विचारलं. दुकानाचं नाव लिहीत नाही, आणि तसली दुकानं तिथे एकच आहे अशातलाही भाग नाही. काउंटरवरच्या माणसाने मोबाइलमधून मान वर केली, म्हणाला, ‘नो प्रॉब्लेम, परवा घेऊन जातो.’ ना लॉगबुक (आधीच्या डाइव्हची नोंदवही) मागितलं, ना शेवटची डाइव्ह कधी केली ते विचारलं. भाचा माझ्याकडे वळून म्हणाला, ‘बघ मावशी, उगाच घाबरत होतीस.’

मी त्याला समोरच्या खानावळीत बसवलं, कोशरी मागवली (डाळ, भात, मॅकरोनी एकत्र आणि वर तळलेला कांदा; आपल्या खिचडीच्या चुलतभावाला कुणीतरी शेवया घातल्यासारखं, पण चविष्ट) आणि कागदी रुमालावर हिशेब मांडला. १२ लिटरचा टँक २०० बार दाबापर्यंत भरला की त्यात २,४०० लिटर हवा. वर माणूस मिनिटाला २० लिटर घेतो असं धरू. खाली दर १० मीटरला एक वातावरण दाब वाढतो, म्हणजे ५५ मीटरवर साडेसहापट. मिनिटाला १३० लिटर. ५० बार शिल्लक ठेवायची म्हटली तर हातात १४ मिनिटंसुद्धा उरत नाहीत. त्यात खाली जाणं, कमान शोधणं, २६ मीटर पोहणं, आणि मग वर येताना शरीरातला नायट्रोजन बाहेर पडावा म्हणून घ्यायचे थांबे, हे सगळं बसवायचं. बरं, हे शांत डोक्याने श्वास घेणाऱ्याचं झालं. त्या खोलीवर डोकं शांत नसतं. नायट्रोजनची झिंग चढते, आणि झिंगलेल्या माणसाला आपण झिंगलोय हे कळत नाही, ते खंडाळ्याला गेलेल्या तुझ्या मित्रांना विचार, म्हटलं.

त्याने निमूटपणे मॅकरोनी वेचून खाल्ली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ज्या सेंटरमध्ये गेलो, त्याचं हे परीक्षण. तिथे काउंटरवरच्या मुलीने पहिल्यांदा लॉगबुकं मागितली. माझी शेवटची डाइव्ह १४ महिन्यांपूर्वीची, त्यावर तिने पेन्सिलने गोल केला. आरोग्याच्या फॉर्मवर मी बीपीच्या गोळीसमोर ‘हो’ लिहिलं होतं, तर म्हणाली, डॉक्टरांचं पत्र? ते मी ठाण्याहून आणलं होतं. (फॉर्मवर खोटं लिहिणाऱ्यांचे क्लेम मी नाकारत आलेय, आता स्वतः काय लिहिणार?) विम्याची पॉलिसी मागितली. बहुतेक प्रवास विम्यात स्कूबा नसतंच, मी जास्तीचं कलम घालून घेतलं होतं, ३० मीटरपर्यंत. तो आकडा तिने आमच्या दोघांच्या नावापुढे लिहिला. मग भाच्याने हळूच कमानीचा विषय काढला.

‘ती आमच्याकडे मिळत नाही,’ ती म्हणाली. अगदी हॉटेलात वेटर ‘थालीपीठ संपलं’ म्हणतो त्या सुरात. मग समजावून सांगितलं: हेलियम मिसळलेला वायू, पाठीवर दोन-दोन टँक, त्यासाठीचे टेक्निकल डाइव्हिंगचे कोर्स, एकामागून एक. तेवढं करून या, मग बोलू. भाचा म्हणाला, पण शेजारचे नेतात. ती म्हणाली, ‘मग शेजारी जा. पैसे अजून घेतलेले नाहीत.’

इथेच मी पर्स उघडली. दोघांचं प्रत्येकी सहा डाइव्हचं पॅकेज, सामान आणि जीपसकट २३० युरो माणशी. शेजारी यापेक्षा ४० युरो स्वस्त होतं.

पण ‘नाही’ दुसऱ्याला म्हटलेलं गोड लागतं. माझी पाळी पहिल्याच डाइव्हला आली. लाइटहाऊस नावाची गावातलीच एक सोपी जागा आहे, तिथे सगळ्यांची परीक्षा घेतात. तांबड्या समुद्राचं पाणी आपल्या अरबी समुद्रापेक्षा खारट, त्यामुळे माणूस जास्त तरंगतो. तारकर्लीला मला ६ किलो शिसं पुरायचं, इथे वर ५ मिलिमीटरचा जाड वेटसूट, तर ८ किलो लागलं. (तो सूट चढवणं हा स्वतंत्र व्यायाम आहे. पावलावर प्लॅस्टिकची पिशवी घालून मग पाय घाला, सरकन जातो. कमरेपाशी मात्र कुठलीही पिशवी कामाला येत नाही.) मार्चचा पहिला आठवडा, पाणी २२ अंश. कोकणातल्या बाईला ते थंडच वाटणार.

आमचा गाइड कैरोचा, चाळिशीचा, अबोल. खाली त्याने मास्कमध्ये पाणी भरून काढायला लावलं, रेग्युलेटर तोंडातून काढून परत घालायला लावला, मग एका जागी स्थिर तरंगायला सांगितलं आणि माझ्याकडे बघत राहिला. वर आल्यावर म्हणाला, ‘मॅडम, तुम्ही हातांनी पोहता.’

म्हटलं, हातांनीच पोहतात.

‘पृष्ठभागावर. खाली हात कामाचे नाहीत. ब्लू होलला आपण बेल्स नावाच्या अरुंद फटीतून शिरणार, तिथे हात हलवायला जागा नाही. उद्या तुम्हाला ब्लू होल नाही.’

मला राग आला. ३८ डाइव्ह झालेल्या, पांढऱ्या केसांच्या बाईला हा परवाचा पोरगा ‘हात चालवता’ म्हणतो! दुपारी त्याने परत त्याच सोप्या जागी नेलं आणि ४० मिनिटं दोन्ही हात पोटावर बांधून पोहायला लावलं. सत्यनारायणाच्या पूजेला बसल्यासारखी मी माशांमधून फिरले. शेवटच्या दहा मिनिटांत ते जमलं, आणि टँकमध्ये सकाळपेक्षा ३० बार जास्त हवा उरली. यावर तो काही बोलला नाही, फक्त गेजवर बोटाने टिचकी मारून दाखवली.

दुसऱ्या दिवशी कॅन्यन. समुद्रतळाला पडलेली भेग, तोंड १८ मीटरवर, तळ ३० वर. आत शिरून मान वर केली की वरच्या फटीतून उन्हाचे पट्टे आणि लोकांच्या हवेचे बुडबुडे खडकातून झिरपून वर जाताना दिसतात. भाच्याला हे ब्लू होलपेक्षा जास्त आवडलं. मलाही, पण ते त्याला सांगितलेलं नाही.

तिसऱ्या दिवशी उत्तरेचा वारा. दहाबला विंडसर्फिंगवाले त्या वाऱ्यावरच जगतात, आमच्यासाठी मात्र तो वैरी. वरवर बघितलं तर लाटा आपल्या पावसाळ्यातल्या मानाने काहीच नव्हत्या, गणपतीपुळ्याला जूनमध्ये जाऊन बघा. पण किनाऱ्यावरून डाइव्ह करताना सगळा धोका त्या पाच-दहा पावलांत असतो. कट्ट्याच्या कडेवर तुम्ही फिन्स घालायला एका पायावर उभे, पाठीवर २० किलोच्या वर वजन, आणि त्याच वेळी गुडघ्याएवढी लाट आली की तुम्ही सरळ प्रवाळावर. आत जाताना एक वेळ जमेल, बाहेर येताना दमलेले असता, आणि समुद्र तोवर बदललेला असतो. काउंटरवरच्या मुलीने फळ्यावर ‘आज नाही’ लिहिलं आणि डाइव्ह पुढच्या दिवशी ढकलली, पैसे न कापता. दोन-तीन दुकानांच्या जीप आमच्या डोळ्यांदेखत उत्तरेकडे गेल्या. त्यांचं काय झालं ते मला माहीत नाही, बहुधा काहीच झालं नसेल. बहुतेक वेळा काहीच होत नाही, म्हणून तर माझ्या कंपनीचा धंदा चालतो.

रिकाम्या दिवसाचं काय करायचं म्हणून आम्ही सिनाईच्या डोंगराचं विचारलं. जबल मूसा, २,२८५ मीटर उंच, पायथ्याशी सेंट कॅथरीनचा मठ. रात्री चढून सूर्योदय बघतात. मुलगी म्हणाली, आज जाऊन या. भाचा म्हणाला, आज झोपतो, शेवटच्या डाइव्हनंतर त्याच रात्री जाऊ. तिने पुन्हा मान हलवली. डाइव्हनंतर विमानात बसायला किमान १८ तास थांबायचं हे आम्हाला पाठ होतं. पण डोंगर चढणं म्हणजेही हवेचा दाब कमी होणं, अंगात विरघळलेल्या नायट्रोजनला विमान काय आणि डोंगर काय, हे दोघांच्याही डोक्यात आलं नव्हतं. ती सहल विकून तिला कमिशन मिळालं असतं. आम्ही तिचं ऐकून त्या वाऱ्याच्या दिवशीच रात्री गेलो. थंडीने दात वाजले, पण ते वेगळं परीक्षण.

आता चौथा दिवस, ज्यासाठी हे सगळं.

जीपवाला बेदुइन, मुझैना जमातीतला. मला पहिल्या दिवसापासून ‘हग्गा’ म्हणत होता. हज करून आलेल्या बाईला म्हणतात, आणि तिकडे एरवीही वयस्कर बाईला मानाने तशी हाक मारतात. रस्ता संपतो तिथे एका रांगेत कॉफी हाऊसं, जमिनीवर गाद्या-तक्के, शर्महून बसने आलेले पर्यटक, आणि पुढच्या अबू गलूमला जायला उंट. उंटावरून शेळ्या हाकणं मी तिथे प्रत्यक्ष पाहिलं: एक गृहस्थ उंटावर बसून खाली पाण्यातल्या बायकोला स्नॉर्केल कसं धरायचं ते ओरडून सांगत होते. सामान उतरवलं ते कॉफी हाऊसच्या आवारातच. बायकांना कपडे बदलायला पडद्यामागची एक जागा आहे, संडास बरा. हे लिहिते कारण पुरुषांनी लिहिलेल्या कुठल्याच माहितीत हे नसतं.

डाव्या हाताला डोंगराचा कडा उतरतो. त्याच्यावर पाट्या लावल्यात. संगमरवराच्या, पितळेच्या, काही साध्या दगडावर खोदलेल्या. रशियन, इंग्रजी, इतर लिप्या. नावं, तारखा, काहींवर फोटो. बहुतेक वयं भाच्याच्या आसपासची. २८ एप्रिल २००० ला यूरी लिप्स्की नावाचा २२ वर्षांचा प्रशिक्षक इथे गेला, एका टँकवर, डोक्याला कॅमेरा लावून. त्याचा मृतदेह खोलातून वर आणला तारेक ओमर या इथल्याच डायव्हरने, मुलाच्या आईच्या विनंतीवरून. कॅमेऱ्यात सगळं उतरलं होतं, ९१ मीटरपर्यंत. आणि २०१७ च्या जुलैत इथे गेला तो स्टीफन कीनन, आयरिश, तो तर टँकशिवाय डाइव्ह करणाऱ्यांचा रक्षक होता. अलेसिया झेकिनी ही इटलीची डायव्हर कमान पार करताना वाट चुकली, तिला वर पोचवताना तो गेला. ती वाचली.

भाचा पाट्या वाचत पुढे जात होता. एका पाटीशी थांबला, खाली बसला. मी काही बोलले नाही. रुमालावरच्या हिशेबाने जे झालं नव्हतं ते तिथे झालं असावं, कारण कमानीचा शब्द त्यानंतर त्याच्या तोंडून निघाला नाही.

ब्रीफिंग २० मिनिटं चाललं. गाइडने वाळूत बोटाने नकाशा काढला. माणसं इथे का मरतात ते त्याने एखादा मेकॅनिक गाडी का बंद पडते ते सांगेल तसं सांगितलं. पाणी इतकं स्वच्छ, की ५५ मीटरवरची कमान हाताशी वाटते. बोगद्याच्या पलीकडून प्रकाश येतो, म्हणून तो आहे त्याहून आखूड वाटतो. झिंगेत कमान चुकते, माणूस तिला ओलांडून खाली जातो आणि अजून शोधतच असतो. तळ दिसत नसल्याने आपण खाली चाललोय हे शरीराला समजत नाही. साध्या हवेतला ऑक्सिजनसुद्धा तिथे मर्यादेला टेकतो, आणि कुणी जास्त ऑक्सिजनचा नायट्रॉक्स भरून गेला तर ३५ मीटरच्या आतच त्याची हद्द संपलेली असते, त्यापुढे झटके येऊ शकतात. मग त्याने इथे एक मुलगी बुडाली होती आणि ती तरुणांना बोलावते अशी गावातली गोष्टही सांगितली, आणि हसला. मी हसले नाही. आमच्या विहिरीत साती आसरा होत्या. आजी त्यांना हळदकुंकू वाहायची आणि अमावास्येला आम्हाला पोहायला सोडायची नाही. आता वाटतं, त्या आसरांमुळे आमच्या वाडीतली निदान दोन-तीन पोरं वाचली असतील.

शेवटी एकेकाला विचारलं, ‘खाली प्रकाश दिसला तर काय करायचं?’ उत्तर होतं, काहीच नाही. बघायचं आणि पुढे जायचं.

बेल्स ही ब्लू होलच्या उत्तरेला, थोडं चालून गेल्यावर लागणारी फट. कट्ट्यात एक माणूस जेमतेम मावेल एवढी खाच आहे, तिच्यात एकेकाने उतरायचं. पाठीवरचे टँक खडकावर आपटून ठण्ण वाजतात, त्यावरून ते नाव. माझाही वाजला. खाच म्हणजे उभी चिमणी. डोकं खाली, हात पोटाशी बांधलेले, कानातला दाब फुंकून मोकळा करत उतरत जायचं. दोन्ही कुशींना दगड. लाइटहाऊसला ज्याच्यासाठी मी रागावले होते ते इथे एका मिनिटात समजलं. हात पसरला असता तर एक तर प्रवाळ मोडलं असतं, नाही तर माझं मनगट.

साधारण २७ मीटरवर चिमणी संपते. आणि समोर काही नसतं.

हे मला नीट लिहिता येईल असं वाटत नाही. पाठीमागे भिंत, समोर निळं, खाली निळं, आणखी खाली जांभळट. तळ असा नाहीच. विहिरीच्या तळातल्या एखाद्या दारातून आभाळात बाहेर पडावं तसं. भिंत उजव्या खांद्याशी ठेवून दक्षिणेकडे निघायचं, हळूहळू वर चढत. भिंतीवर मऊ प्रवाळ, एक लायनफिश पदर पसरून लटकलेला, आणि वर उन्हाच्या बाजूला केशरी अँथियास माशांचे थवेच्या थवे, पारिजातकाचे देठ उधळल्यासारखे. मी मान मागे टाकून त्यांच्याकडे बघत राहिले. दीर्घ उच्छ्वास सोडला असेल. दिवाळीत माणूस कंदिलाकडे बघतो तसं बघत होते.

टँकला मागून हिसका बसला. गाइडने व्हॉल्व्हला धरून मला वर ओढलं होतं, आणि माझं मनगट माझ्याच डोळ्यांसमोर धरलं. मनगटावरच्या डाइव्ह कॉम्प्युटरवर खोली ३१.४ मीटर.

वर चढायच्या ऐवजी मी चार मीटर खाली गेले होते, आणि मला त्यातलं काहीही कळलं नव्हतं. खोलीवर वेटसूट दाबला जाऊन त्याचं तरंगणं कमी होतं, त्यात फुप्फुसं रिकामी केलेली, आणि नजर लावायला खाली जमीन नाही. घाबरले असते तर बरं, मी तर मजेत होते. पॉलिसीच्या भाषेत सांगायचं तर १.४ मीटर विम्याबाहेर होते. माझी फाइल माझ्याच टेबलावर आली असती तर मी काय शेरा मारला असता ते मला शब्दश: माहीत आहे.

पुढचा प्रवास त्याने माझ्या बाजूने, हातभर अंतरावर केला. ६-७ मीटरवर एक खिंड लागते, तिच्यावरून ब्लू होलच्या आत शिरायचं. ती कमान बरोबर या खिंडीखाली, माझ्या पोटापासून कितीतरी खाली. दिसली नाही. आत मध्यभागी टँकशिवाय डाइव्ह करणाऱ्यांचे बोये आणि त्यांचे दोर सरळ निळ्यात उतरत गेलेले. एक मुलगी दोराजवळून, डोळे मिटून, मासळीसारखी वर आली. ५ मीटरवर आमचा ३ मिनिटांचा थांबा झाला आणि आम्ही पर्यटकांच्या पायांच्या गर्दीत वर निघालो.

बाहेर आल्यावर गाइडने सगळ्यांचे कॉम्प्युटर पाहिले. माझ्याशी आल्यावर म्हणाला, ‘मॅडम, दुपारची डाइव्ह तुम्हाला नाही.’ पैसे परत की उद्या उथळ जागी, तुम्ही ठरवा. मी वाद घातला, तेही वकिली: १.४ मीटर, जेमतेम अर्धा मिनिट, थांबा पूर्ण केलेला, अंग ठणठणीत. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाला, ‘मीटरचं नाही. तुम्हाला कळलं नाही, त्याचं आहे.’ मग जीपवाल्याकडे वळून काहीतरी म्हणाला, तो माझ्यासाठी चहा घेऊन आला. हबक नावाचा पुदिन्यासारखा पाला घातलेला, साखरेचा पाक म्हणावा इतका गोड. भाचा दुपारच्या डाइव्हला गेला, १८ मीटरवर फिरून आला, आणि वर येऊन म्हणाला, ‘मावशी, पाण्याखाली तुझी आठवण आली,’ त्यात टोमणा किती आणि काळजी किती ते मी विचारलं नाही.

दोन तास मी गादीवर पडून होते, समोर तो कडा. समुद्राच्या काठाने उंट जात होते.

ज्यांना जायचं आहे त्यांच्यासाठी. नुसतं स्नॉर्केल करायचं असेल तर कुठल्याही कार्डाशिवाय ब्लू होलची कड सुंदर दिसते, पण आईबाप पोहत असताना पोरांना त्या कडेवर एकटं सोडलेलं मी पाहिलं, ते करू नका. ओपन वॉटर कार्डवाल्यांनी, म्हणजे फक्त पहिला कोर्स झालेल्यांनी, बेल्सचा हट्ट धरू नये, खिंडीकडची बाजू त्यांच्या १८ मीटरमध्ये भरपूर आहे. सेंटर निवडताना किंमत शेवटी विचारा. आधी कमानीची चौकशी करा, आणि जो हो म्हणेल त्याच्याकडून बाहेर पडा. गटात गाइडमागे चारपेक्षा जास्त माणसं नकोत. आमच्यात तीन होती, म्हणून माझा टँक वेळेत धरला गेला. चहा कमी साखरेचा सांगितलात तरी गोडच येईल.

आम्ही पाचव्या दिवशी मला मिळालेली उथळ डाइव्ह केली, ११ मीटर, ५८ मिनिटं. माझ्या लॉगबुकात गाइडने शिक्क्याशेजारी एक शब्द लिहिला, अरबीत. जीपवाल्याला वाचायला दिला, तर तो म्हणाला, ‘हात’. नोव्हेंबरचं बुकिंग त्यांच्याचकडे केलंय. बूट मात्र स्वतःचे नेणार, मुंबईतूनच घेऊन, एक नंबर मोठे.